राहीआत्या कुणाच्या घरी बसत नाही

राहीबाई आणि क्रांती यांची पहिली भेट झाली तेव्हा क्रांती पाच दिवसांची होती आणि राहीबाईनं तिला दोन्ही पायांना धरून उलटं लटकवलं होतं. ही हकिकत क्रांतीची आई मनुबाई सांगायची, आणि दर वेळी तीत थोडी भर पडायची. आधी राहीबाईनं पोरीला नुसतंच उलटं धरलं होतं. क्रांती शाळेत जाऊ लागली तोवर राहीबाई तिला न्हाणीत गोफणीसारखी गरगरा फिरवू लागली. क्रांतीची बारावी झाली त्या वर्षी मनुबाईनं पाहुण्यांना सांगितलं, की पाणी इतकं कढत होतं की त्यात चहापत्ती टाकायचीच बाकी होती. तेल इतकं चोपडलं होतं की पोरगी तीनदा हातातून निसटून मोरीकडं निघाली आणि तीनदा राहीबाईनं तिला तंगडीला धरून माघारी आणली. मग नाक ओढून लांब केलं, डोकं दाबून गोल केलं, टाळूवर वाटीभर तेल जिरवलं आणि पोरगी आईच्या ओटीत टाकून म्हणाली, "घ्या. आता जरा माणसागत दिसाय लागली."

क्रांतीचे वडील हंबीरराव तेव्हा फौजेत होते आणि सुट्टीवर आले होते. बर्फात पहारा केलेला तो गडी न्हाणीच्या दारातून एकदा आत डोकावला आणि सरळ उसाच्या रानात निघून गेला. दिवस मावळल्यावर परत आला आणि लांबूनच विचारलं म्हणे, "हाय का पोरगी?"

इस्लामपूरपासून आठ-दहा मैलांवरच्या त्या गावात चाळिशीच्या आतलं एकही डोकं असं नव्हतं, की जे राहीबाईनं दाबून गोल केलेलं नाही. चाळीस वर्षं ती बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालत होती. ती गावची लेक. आटपाडीकडं दिली होती, पण वर्षभरात माघारी आली ती आलीच, त्यामुळं अख्ख्या गावाची आत्या. माघारी का आली याची गावात एकच कथा होती: तिनं नवऱ्याला विहिरीत ढकललं. दुष्काळी भाग, विहिरीला पाणी नव्हतं, म्हणून बिचारा वाचला. राहीआत्याचा आवाज एकदा ऐकला की या कथेवर कुणीही विश्वास ठेवायचं.

तिच्या येण्याची वर्दी तीन गल्ल्या आधी मिळायची. खोकत, कुत्र्यांना शिव्या घालत, वाटेतल्या प्रत्येक घराची चौकशी करत ती यायची, आणि तिच्याही पुढं ओव्याचा नि धुपाचा वास चालायचा. काखेत पत्र्याचा एक डबा असे. घरात पाय टाकला की आधी निखारे मागायची आणि त्यावर मूठभर धूप टाकायची. बाळंतिणीचं तोंड तिला त्या धुरातनंच दिसायचं. आख्खी आळी खोकू लागली, की कुणाच्या तरी घरी पाळणा हललाय हे लोकांनी ओळखावं.

आणि राहीआत्या कुणाच्या घरी बसायची नाही. खाटेवर नाही, खुर्चीवर नाही, जोत्यावर नाही. "बसा की आत्या" म्हटलं तर "बसून काय अंडी घालू व्हय?" असं म्हणायची. चहा घ्यायची नाही. लग्नाच्या पंगतीत जेवायची नाही. एसटीत चढायची नाही, आष्ट्याला भाचीच्या लग्नालासुद्धा पहाटे उठून चालत गेली. यावर गावात पुष्कळ संशोधन झालं होतं. कुणी म्हणायचं, तिचा ज्योतिबाला नवस आहे. कुणी म्हणायचं, लोकांच्या खुर्च्यांचा तिला विटाळ होतो. रिटायर झालेले नाथाजी मास्तर म्हणायचे, की इतकी वर्षं तेल चोळून चोळून तिच्या गुडघ्यांना वंगण जास्त झालंय, आता ते वाकले तर परत सरळ व्हायचे नाहीत. बसायची ती फक्त एका जागी. न्हाणीतल्या ओल्या दगडावर, पाय लांब सोडून, पायांवर बाळ घेऊन, वरून घमेलंभर पाणी घेत. तिथं मात्र ती तासभर अशी बसायची, की जणू गादीवर बसलीय.

तिची दुसरी ख्याती टाक्यांची. आताशा बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि पहिलटकरणीला बहुधा खाली काप घेऊन टाके घालतात. न्हाऊ घालताना राहीआत्याला ते दिसायचे, आणि टाके बघून ती डॉक्टर ओळखायची. "ह्यो आष्ट्याचा म्हातारा. वाकळ शिवल्यागत शिवतो." "ही बाईमाणसाची शिलाई हाय, पण पोरं शाळंतनं यायची येळ झाली व्हती वाटतं." असंही बोललं जायचं, की एका डॉक्टरनं तपासायला आलेल्या बाईला टाक्यांचं काही न विचारता आधी विचारलं, "राहीबाई काय म्हणाल्या?"

क्रांती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती नोव्हेंबरात. सासर कोरेगावकडचं, नवरा पृथ्वीराज फौजेत, जम्मूकडं. इस्लामपूरच्या एका खाजगी दवाखान्यात ती बाळंत झाली. पोर तीन किलो नऊशे ग्रॅम. शेवटी शेवटी एक बाई वरून तिच्या पोटावर रेलली होती आणि खाली डॉक्टरांनी कात्री चालवली, एवढं तिला आठवत होतं. टाके घालता घालता डॉक्टर नर्सला विचारत होते, बाहेर अजून किती जणी आहेत.

पाचव्या दिवशी राहीआत्या आली. धूर झाला, खोकून झालं, बाळाचं डोकं गोल करून झालं. मग तिनं क्रांतीला उजेडाकडं वळवलं आणि वाकून बघितलं. मनुबाई दाराशी श्वास धरून उभी.

"लय गोड टाका," राहीआत्या म्हणाली. "काशिदा काढल्यागत. चाळीस वर्सांत असा टाका न्हाई बघितला."

दिवस मावळेपर्यंत ही बातमी आळीभर झाली. मनुबाई तर लेकीला पदक मिळाल्यासारखी दोन दिवस फिरत होती.

नवव्या दिवशी क्रांतीला वारा धरवेना. तिला वाटलं, डिंकाच्या लाडवांनी झालं असेल. अकराव्या दिवशी न्हाणीपर्यंत पोचायच्या आधीच लुगडं खराब झालं. बाराव्या दिवशी बारसं होतं.

चौरंगावर क्रांती नटून बसली. बायका पाळण्याच्या वरून खालून पोर एकमेकींच्या हातात देत होत्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या चाललं होतं, आणि क्रांतीला कळलं की झालं. आधी काही कळलंच नव्हतं, झाल्यावर कळलं. ती उठली नाही. दीड तास तशीच बसून राहिली. ओटी भरून घेतली, फोटो काढू दिले, फोटोत हसली. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "पोरानं केलं वाटतं." पोराचं नाव तेवढ्यात राजवर्धन ठेवलं होतं. चार किलोच्या जिवाला ते नाव आधीच जड, त्यात नाव ठेवल्यावर पाचव्या मिनिटाला हा आळ. तो त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं घेतला. सगळ्या गेल्यावर क्रांतीनं चौरंग स्वतः धुतला. आईला म्हणाली, दूध सांडलंय.

कुणाला सांगावं तर काय सांगावं, हा तिचा पेच होता. टाका वाईट असता तर डॉक्टरला नावं ठेवता आली असती. पण टाका काशिद्यासारखा होता, राहीआत्यानं तसं सांगितलं होतं, आणि राहीआत्यानं सांगितलं की गावात त्यावर अपील नव्हतं. मग खोट आपल्यातच असणार. सव्वा महिन्यात सगळं आपोआप आवळून येतं, असं आई म्हणायची. सव्वा महिना झाला की सासूबाई गाडी घेऊन न्यायला येणार होत्या. कोरेगावपर्यंत अडीच-तीन तास. क्रांती रोज दिवस मोजायची आणि त्या गाडीच्या सीटचा विचार करायची. तिथं पोचल्यावर एकच संडास, आणि तो सासूबाईंच्या खोलीला लागून. पृथ्वीराजचा फोन आला की ती पोराचं काय काय सांगायची आणि आपलं काही विचारलं की म्हणायची, "बरंय."

ती जेवण तोडू लागली. लाडू उशाला लपवायची. चहा घेईना. खाटेवर बसेना, पोराला भिंतीला टेकून उभ्यानंच पाजायची. दिवसातनं तीनदा धुरी मागायची. मनुबाई कौतुकानं सांगायची, शिकलेली पोरगी, लय पथ्य पाळती.

सव्विसाव्या दिवशी राहीआत्या आरडाओरडा करत आली, अंगणात थांबली आणि अचानक गप्प झाली. गोठ्याच्या मागं, गव्हाणीच्या आडोशाला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं दोरीवर जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे वाळत होते. चारपदरी घडीच्या खुणा होत्या त्यांवर. राहीआत्या ते बघत राहिली. मग आत आली. क्रांती भिंतीला टेकून उभी. कोनाड्यात चहाचा कप तसाच, वर साय धरलेली. निखाऱ्यावर धूप आधीच टाकलेला.

त्या दिवशी राहीआत्यानं डबा उघडलाच नाही.

"मनू," ती म्हणाली, "जा, कडुनिंबाचा पाला आण. वड्याकडचा आण, कवळा." आणि मनुबाई गेल्यावर दार लोटून घेतलं.

"किती दिस झालं?"

"कशाचं, आत्या?"

"माज्याम्होरं नको. किती दिस झालं?"

क्रांतीनं पोराकडं बघितलं. "नवव्या दिवसापासनं."

"नुसता वारा, का समदं?"

"समदं. पातळ असलं की कळतच न्हाई."

राहीआत्या खाटेवर बसली.

क्रांतीनं जन्मात हे दृश्य पाहिलं नव्हतं. खाट करकरली तशी ती घाबरलीच. "तुमी बसला व्हय, आत्या?"

"बसले. तुजी खाट बी माजीच हाय आता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या वरनं बघितलं, पोरी. वरचं गोड दिसलं आन् आत बोट लावून न्हाई बघितलं. ज्येला सोताला कळायला पायजे व्हतं, त्यालाच कळलं न्हाई."

मग तिनं सांगितलं. आवाज इतका खाली, की पाळण्याची करकर मोठी वाटावी. सतरा वर्षांची होती. पोराचे पाय आधी आले. दोन दिवस गेले. सुईणीनं ओढून काढलं, पोर तासाभरात गेलं, आणि राहीबाई पुढून मागपर्यंत फाटली. कुणी टाका घातला नाही. हळदीची पुरचुंडी ठेवली आणि पाय बांधून निजवलं.

"सासू म्हणाली, भाकरीला हात लावू नगं, वास येतो. नवरा वाईट नव्हता. त्यानंच बैलगाडीत घालून हितं आणून सोडली. गाडीत पोतं आंथरलं व्हतं माज्याखाली. जाताना ते पोतं बी झटकून घिऊन गेला."

"मग विहिरीत ढकलल्यालं?"

"ते म्याच उठवलं. घाणेरडी म्हणण्यापरीस खुनी म्हणल्यालं बरं."

क्रांतीला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर जे व्हायचं तेच झालं. राहीआत्यानं तिला हाताला धरून न्हाणीत नेलं, दगडावर बसवलं आणि पाणी घालता घालता म्हणाली, "ह्यो धंदा तवाच धरला. हितं बाई सारखी वलीच असती. वास आला तर पोराचा म्हणत्यात, न्हाईतर वव्याचा. चाळीस वर्सं कुणाला कळलं न्हाई. पर तू काय लोकांच्या न्हाण्या करत फिरणार न्हाईस. उठ, तुज्या बाला सांगते."

हंबीररावांना सांगायचं काम तिनं अंगणात उभ्या उभ्या उरकलं. "पोरीचा आतला टाका सुटलाय. तिला धरवत न्हाई. गाडी काढा, सांगलीला जायाचंय."

हंबीरराव चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "आवं आत्या, तुमीच म्हणला ना काशिदा म्हणून?"

"म्हणले. चुकले. गाडी काढा."

आधी इस्लामपूरच्याच दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी वरूनच बघितलं, टाके उत्तम भरलेत म्हणाले, थोडे दिवस असं होतंच म्हणाले, आणि पातळ होऊ नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या. क्रांती दवाखान्याच्या पायऱ्या उतरली ती घरी जायच्या तयारीनंच. राहीआत्या गाडीपाशी उभी होती. तिनं खताचं एक धुतलेलं पोतं आणलं होतं. ते मागच्या सीटवर अंथरलं, क्रांतीला एका बाजूला बसवलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूला बसली. त्रेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदा गाडीत बसत होती. डिसेंबरचे दिवस, सकाळी शेकोट्या पेटायच्या. हंबीररावांनी चारी काचा खाली केल्या आणि "लय उकडतंय" म्हणाले.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात प्रियदर्शनी मॅडम होत्या. त्यांनी आत बोट घालून तपासलं, क्रांतीला आवळून धरायला सांगितलं, आणि हातमोजे काढून शांतपणे समजावलं. परकराच्या नेफ्यात नाडी असते, तसा खाली आत गोल स्नायू असतो. कापाच्या पुढं तो फाटत गेला. वरचा नेफा सुंदर शिवलाय, आतली नाडी तुटलेली तशीच राहिली. तेव्हाच नीट बघितलं असतं तर तेव्हाच जोडता आली असती. आता तीन महिने थांबायचं, सूज उतरू द्यायची, मग ऑपरेशन.

"नीट होईल?" क्रांतीनं विचारलं.

"बरंच होईल. अगदी पहिल्यासारखं होईल असं सांगत नाही."

क्रांतीनं मागं उभ्या असलेल्या राहीआत्याचा पदर धरला. "मॅडम, यांना पण बघा."

"माजं काय बघताय," राहीआत्या म्हणाली, "माजं गाव सोडून गेलं."

पण ती पडद्याआड गेली. बाहेर आली ती लुगडं नीट करत, आणि टेबलापाशी उभी राहिली.

"आत्या, स्नायू फार पातळ झालाय," मॅडम म्हणाल्या. "साखरही आहे तुम्हाला. आधी साखर खाली आणू. मग प्रयत्न करता येईल. थोडा तरी फरक पडेल."

"म्हंजी ह्येला औषिद हाय?"

"आहे."

"कवापासनं?"

मॅडमना प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"म्या सतरा वर्सांची व्हते तवा व्हतं का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "होतं आत्या. मिरजेला, सांगलीला, तेव्हाही करत होते."

"मिरजला." राहीआत्यानं हिशेब केल्यासारखं छताकडं बघितलं. "आटपाडीस्नं येतानं बैलगाडीला दीड दिस लागला. मिरज तर तितनं तेवढंच लांब हाय."

आणि ती न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. चहावाला आला होता. मॅडमनी तिच्यासाठी सांगितला. तिनं तो घेतला नाही, पण कप हातात धरून ठेवला, गार होईपर्यंत.

पृथ्वीराजला क्रांतीनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "इतके दिस तू मला बरंय म्हणत होतीस." आणि म्हणाला, "सुट्टी टाकतो." सासूबाईंची गाडी तेवढी माघारी गेली. त्या फुगल्या आणि होळीपर्यंत फुगूनच राहिल्या. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. पृथ्वीराज आठ दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर राजवर्धनला मांडीवर घेऊन बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्याला अंगाई शिकवून जात होत्या. क्रांती मे महिन्यात कोरेगावला गेली, गाडीत बसून, खाली काही न अंथरता. वारा अजून कधीकधी ऐकत नाही. बाकी ठीक आहे.

राहीआत्यानं टाक्यांवर बोलणं सोडलं. डॉक्टर ओळखेना, शिलाईला नावं ठेवेना. लोकांची मोठी करमणूक गेली. त्याऐवजी पाचव्या, नवव्या आणि विसाव्या दिवशी प्रत्येक बाळंतिणीला घरच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायची, "धरवतंय का गं?" घरातले पुरुष अंगणात पळायचे. नाथाजी मास्तर म्हणाले, म्हातारीला भ्रम झाला. त्या वर्षात दोघींनी "न्हाई" सांगितलं. दोघींना ती सांगलीला घेऊन गेली, तेच पोतं अंथरून.

तिच्या स्वतःच्या ऑपरेशनची तारीख तीनदा मिळाली. तिन्ही वेळा साखर वाढलेली निघाली आणि तिला माघारी पाठवलं. तिसऱ्या वेळी क्रांती सोबत होती. परत येताना राहीआत्या म्हणाली, "चार घास जास्त खाल्लं बघ आवंदा. बसून जेवाय लागले ना." चौथी तारीख सहा ऑगस्टची होती.

जुलैत तिच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि बावीस तारखेला सकाळी ती गेली. क्रांती कोरेगावहून पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

गावात आता इस्लामपूरची एक बाई न्हाऊ घालायला येते. स्कूटीवर येते. काम झालं की बसून चहा घेते आणि जाते.